चहाच्या मिश्रणाची नोंद राहायला हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नागपूरच्या जुन्या बाजारपेठांविषयी वेळोवेळी मजकूर येत असतो, म्हणून इतवारीतील एका बंद झालेल्या दुकानाविषयी, किंबहुना त्या दुकानात तयार होणाऱ्या आणि आता कुठेही न मिळणाऱ्या चहाविषयी, हे पत्र लिहीत आहे. त्या चहाचा शेवटचा डबा आमच्या घरी चालू आहे आणि त्याच्या तळाशी जेमतेम पन्नास ग्रॅम चहा उरला आहे. दुकाने उघडतात आणि बंदही होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी खंत अशी की, ज्या मिश्रणावर इतवारी, महाल आणि गांधीबागेतील कितीतरी घरांची सकाळ चाळीस वर्षांहून अधिक काळ उजाडत होती, ते कोणीही, कुठेही लिहून ठेवले नाही. आणि शहरात अशी जी थोडी दुकाने अजून चालू आहेत, त्यांच्याही बाबतीत उद्या हेच होईल.

1983 साली महालातील एका शाळेत मला शिक्षकाची नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या दिवशी आईने सांगितले म्हणून बडकस चौकातून चालत इतवारीत गेलो आणि शहीद चौकाच्या पुढे एका बोळातील त्या दुकानातून पाव किलो चहा आणला. तेव्हापासून गेल्या वर्षापर्यंत आम्ही दुसरा चहा विकत आणला नाही. दुकान फार तर दहा फूट रुंदीचे होते. मागच्या भिंतीशी प्लायवूडची चहाची खोकी रचलेली असत, त्यांना आतून चंदेरी कागदाचे अस्तर असे. पुढे ती खोकी गेली आणि जाड कागदाच्या गोण्या आल्या. दर्शनी फळीवर काचेच्या बरण्या आणि त्यांवर रंगाने लिहिलेली नावे होती: ममरी, डस्ट, हॉटेल चहा, फॅमिली मिक्श्चर. दुकानाचे मालक, ज्यांना सारा बाजार काकाजी म्हणत असे, सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी पांढऱ्या कपांची ओळ मांडून कोरा चहा चाखत बसलेले असत. चमच्यातला चहा ते मोठ्याने सुरकन ओढत, क्षणभर तोंडात खेळवत आणि बाजूच्या पितळी पिकदाणीत टाकून देत. माझी मुलगी लहान असताना हे पाहण्यासाठीच माझ्याबरोबर यायची. कोणता माल उचलायचा, हे त्या एका घोटावर ठरत असे. कलकत्त्यात चहाचा जाहीर लिलाव 1861 पासून होतो, गुवाहाटीत 1970 पासून आणि सिलिगुडीत 1976 पासून. तिकडच्या दलालाकडून नमुन्याच्या छोट्या पुड्या येत, त्यांवर मळ्याचे नाव आणि लॉटचा क्रमांक लिहिलेला असे, आणि काकाजी एखादी पुडी नाकाशी धरून, ‘हा माल दिवाळीपर्यंत पुरवायला हवा,’ असे स्वतःशीच म्हणत.

फॅमिली मिक्श्चर हा शब्द महाराष्ट्रातील चहाच्या दुकानांत पुष्कळ ठिकाणी दिसतो, पण प्रत्येक दुकानाचे मिश्रण निराळे असते. काकाजींच्या मिश्रणात आसामची दाणेदार ममरी मुख्य होती. पाने यंत्राच्या दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून जे दाणे करतात ती सीटीसीची (क्रश, टिअर, कर्ल) पद्धत; तिचे यंत्र 1930 च्या दशकात आसामातच प्रथम चालले आणि आज देशातला बहुतेक चहा त्याच पद्धतीने होतो. ममरीमुळे दुधाच्या चहाला रंग आणि दाटपणा येतो. डस्ट म्हणजे भुकटी, ती आधणात पडताक्षणी उतरते आणि चहा कडक करते. आपल्याकडचा बहुतेक चहा या दोन जिनसांवरच उभा असतो. काकाजी त्यात तिसरा जिन्नस घालत, तो म्हणजे दार्जिलिंगची लांब वळलेली पत्ती. दार्जिलिंग दुधात घालणे जाणकारांना पटत नाही आणि काकाजींनाही ते ठाऊक होते. ‘पत्ती दुधात मरते, गुरुजी,’ असे ते स्वतःच म्हणत. तरीही ती घालत, कारण चहाचा गंज, म्हणजे पातेले, खाली उतरवून त्यावर ताटली झाकली आणि मग ती काढली की जो वास स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत येतो, तो त्या पत्तीचा असतो.

चहाचे मिश्रण गावच्या पाण्यावरून बेतायचे असते, ही गोष्टही मी त्यांच्याकडूनच शिकलो. पाण्यात चुना अधिक असला की चहाची चमक जाते आणि वर तवंग धरतो. महालातील वाड्यांतून एकेकाळी विहिरीचे जड पाणी आणि नळाने येणारे नदीचे पाणी अशी दोन्ही पाणी वापरात होती. नवे गिऱ्हाईक आले की काकाजी आधी ‘पाणी कुठले?’ म्हणून विचारत, आणि विहिरीचे म्हटले तर त्या पुड्यात भुकटीचे माप थोडे वाढवत. छापील पाकिटातला चहा असा प्रश्न कधी विचारीत नाही.

दार्जिलिंगच्या पत्तीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे मला भाग आहे, कारण हे मिश्रण पुन्हा जुळत नाही याचे अर्धे कारण तिच्यात आहे. दार्जिलिंगमध्ये चहाची पहिली रोपे 1841 मध्ये प्रयोग म्हणून लावली गेली. ती चिनी जातीची होती, आसामच्या मोठ्या पानाच्या जातीहून निराळी, आणि तेथील कित्येक मळ्यांत शंभर वर्षांपूर्वीची झुडपे अजून उभी आहेत. आपण जसा संत्र्याचा आंबिया बहार वेगळा आणि मृग बहार वेगळा ओळखतो, तशा तिथे चहाच्या खुडण्या ओळखल्या जातात. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतची पहिली खुडणी फिक्या रंगाची आणि कोवळ्या वासाची असते. मे-जूनची दुसरी खुडणी, जिला व्यापारी सेकंड फ्लश म्हणतात, तिचा रंग तांबूस आणि वास पिकल्या द्राक्षासारखा असतो. काकाजी फक्त ही दुसरी खुडणी वापरत. या वासामागे एक कीटक आहे, हे वाचून माझ्या कापूस उत्पादक मेहुण्याला नवल वाटले होते. कपाशीवरचा जो तुडतुडा आपल्या शेतकऱ्याला नको असतो, त्याच्याच कुळातला हिरवा तुडतुडा दार्जिलिंगच्या कोवळ्या पानांचा रस शोषतो, झुडूप त्याचा प्रतिकार म्हणून काही सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि पाने सुकवून वळताना त्यांतूनच तो वास फुलतो. ज्या वर्षी ऊन, पाऊस आणि कीटक यांचे गणित बदलते, त्या वर्षी वासही बदलतो. एका मळ्याचा, एका वर्षाचा, एका खुडणीचा चहा संपला की तो संपला. पुढच्या वर्षीचा चहा उत्तम असेल, पण तोच नसेल.

काकाजींचे कौशल्य असे की, दर वर्षी बदलणाऱ्या या मालातून ते चाळीस वर्षे गिऱ्हाइकाला एकच चव देत राहिले. एक अपवाद मला आठवतो. 2017 च्या जूनमध्ये दार्जिलिंगच्या डोंगरात बंद सुरू झाला, तो 104 दिवस चालला, आणि दुसऱ्या खुडणीचा मोठा भाग झुडपांवरच राहिला. त्या वर्षी दिवाळीला मी चहा घ्यायला गेलो तेव्हा पुडा बांधण्याआधीच काकाजी म्हणाले, ‘गुरुजी, यंदा मिश्रणात जीव नाही. किलोमागे चाळीस रुपये कमी द्या.’ मी एरवीच्या दराने पैसे पुढे केले, तर त्यांनी चाळीस रुपये मोजून परत माझ्या हातात ठेवले. घरी आल्यावर आम्ही चहा केला, तो बरा होता, परंतु झाकण काढल्यावर ओसरीपर्यंत काही आले नाही. आमच्यापैकी कोणाला न सांगता हे कळले असते का, याची मला शंका आहे. त्यांना मात्र ते लपवायचे नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात काकाजी गेले. मुले पुण्याला आणि बंगळूरला नोकरीत आहेत. त्यांनी व्यापार पुढे चालवावा अशी अपेक्षा करण्याचा मला काही अधिकार नाही, आणि त्यांनी जे केले ते सौजन्यानेच केले. तेरवीनंतर चार दिवस दुकानाचे शटर उघडून त्यांनी तयार असलेले मिश्रण जुन्या गिऱ्हाइकांना मूळ दराने दिले. माझ्या वाट्याला दीड किलो आले. मी त्यांना मिश्रणाचे प्रमाण विचारले, तेव्हा त्यांनी वडिलांच्या सगळ्या वह्या माझ्यासमोर ठेवल्या. कोणत्या मळ्याचा माल कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने आला, हे त्यांत सुवाच्य अक्षरात आहे. किती मापे ममरी, किती पत्ती, याचा एक शब्दही नाही. तो भाग काकाजींच्या जिभेवर होता आणि तो लिहायचा असतो हे त्यांना कधी कोणी सुचवले नाही. मीही सुचवले नाही. चाळीस वर्षे मुलांना वहीत नोंद करायला शिकवणाऱ्या माणसाने समोर बसून चहा प्यायला आणि हे विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पहिले दोन-अडीच महिने आम्ही सवयीने तो चहा रोज दोन वेळा केला आणि किलोभर संपल्यावर जागे झालो. त्यानंतर आठवडाभर बाजारचे पाकीट आणि रविवारी सकाळी हा चहा, असा क्रम माझ्या पत्नीने ठरवला. त्याच सुमारास मी सराफा ओळीतील एका माजी विद्यार्थ्याकडे दहा ग्रॅम चहा घेऊन गेलो. आधी डबा चांगला उलटासुलटा केला होता, कारण डबा उभा राहिला की भुकटी तळाशी बसते आणि लांब पत्ती वर येते, ही काकाजींची ताकीद होती. पांढऱ्या कागदावर चहा पसरून आम्ही दोघांनी चिमट्याने आणि बारीक चाळणीने दाणे, पत्ती आणि भुकटी वेगळी केली. या कामाला अख्खी दुपार लागली. सोन्याच्या काट्यावर ममरी 7.4 ग्रॅम भरली, पत्ती 1.4 आणि भुकटी 1.2. पुढे काकाजींच्या तराजूवर तीस वर्षे बसलेले गृहस्थ, जे आता भंडाऱ्याकडील आपल्या गावी असतात, त्यांच्याशी दूरध्वनीवर बोललो, तर ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, ‘सात मापे ममरी, दोन मापे पत्ती, एक माप डस्ट.’ पत्ती हलकी आणि फुललेली असल्याने दोन मापांचे वजन इतके कमी भरते, हे लक्षात आल्यावर दोन्ही हिशेब जुळले आणि मला अतिशय आनंद झाला. मात्र त्यांचे पुढचे वाक्य असे होते: ‘पण कोणत्या गोणीतले माप, ते काकाजी रोज सकाळी चाखून सांगायचे. कधी दोन गोण्यांची ममरी निम्मी निम्मी, कधी तीन. ते मला नाही सांगता यायचे, गुरुजी.’

तरीही प्रयत्न म्हणून मी शहरातून तिन्ही जिनसा आणल्या. ममरी आणि डस्ट ठीक मिळाली. दार्जिलिंग म्हणून एका दुकानाने जो पुडा दिला, त्यावर मळ्याचे नाव नव्हते, खुडणी नव्हती, वर्ष नव्हते, आणि स्त्रीचा चेहरा व चहाची पाने असलेले दार्जिलिंगचे अधिकृत चिन्हही नव्हते. गरम पाण्यात टाकताच अर्ध्या मिनिटात पाणी गडद तपकिरी झाले आणि वास गवताचा आला. मी परत जाऊन विचारले तेव्हा ‘सगळे तेच असते’ असे उत्तर मिळाले. सगळे तेच नसते. दार्जिलिंग चहाला 2004 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते देशातील पहिले मानांकन होते, आणि ते नाव वापरण्याचा हक्क तेथील 87 मळ्यांच्या चहाला आहे. 1990 च्या दशकात वर्षाला एक कोटी किलोच्या आसपास असलेले तेथील उत्पादन आता सत्तर लाख किलोच्याही खाली आले आहे. झुडपे म्हातारी झाली आहेत, मजूर कमी झाले आहेत, पाऊस वेळेवर येत नाही. अशा दुर्मीळ होत चाललेल्या मालाच्या नावाने जे विकले जाते, ते तेच असावे, एवढे मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये हेच मानांकन मिळाले. दुसरीकडचे फळ नागपुरी म्हणून परराज्यात विकले जाते तेव्हा आपल्याला जो संताप येतो, तोच दार्जिलिंगच्या मळेवाल्याला येत असणार.

उरलेला चहा वापरावा की ठेवावा, यावर आमच्या घरी मतभेद झाला. डबा मेणाने बंद करून नातवाच्या लग्नापर्यंत ठेवावा, असे माझे मत होते. पत्नीने मला 1996 ची आठवण करून दिली. त्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या पालकांनी सिलिगुडीहून आणलेला उत्तम चहाचा पुडा आईने पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात जपून ठेवला होता, आणि चार वर्षांनी तो उघडला तेव्हा त्याला कपाटातील डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. कारखान्यातून निघताना चहात जेमतेम तीन टक्के ओलावा असतो. त्यामुळे हवेतला दमटपणा आणि शेजारच्या वस्तूचा वास तो अधाशासारखा ओढून घेतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांची उष्णता आणि लगेच पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा, यात कोणताही डबा वर्षानुवर्षे टिकत नाही. पत्नीचे म्हणणे खरे होते. आता रविवारी सकाळी दूरदर्शन आणि वर्तमानपत्र दोन्ही बाजूला ठेवून आम्ही चौघे ओसरीवर बसतो. सून आधी एकेक घोट कोरा चहा देते, त्यासाठी शंभर मिलिलीटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे, हे चाखणाऱ्यांचे प्रमाण तिने कागदावर लिहून ओट्यापाशी लावले आहे. मग दुधाचा चहा होतो. झाकण काढायच्या वेळी कोणी बोलत नाही.

या पत्राद्वारे माझी विनंती प्रथम त्या दुकानदारांना आहे, जे इतवारीत, महालात, सदरमध्ये, गोकुळपेठेत अजून स्वतःच्या हाताने चहाचे मिश्रण करतात. आपले प्रमाण कृपया एका वहीत लिहून ठेवावे. ते कोणाला दाखवू नका, कुलपात ठेवा, तो आपल्या व्यापाराचा भाग आहे. पण मापांच्या शेजारी कोणत्या मळ्याचा, कोणत्या खुडणीचा, कोणत्या वर्षाचा माल घातला आणि चाखल्यावर त्यात काय कमी-जास्त वाटले, हे तारखेसह लिहा. काकाजींच्या खरेदीच्या वह्यांत रोज एक ओळ अधिक असती, तर आज त्यांचे मिश्रण निदान जवळपास तरी जुळवता आले असते. सुट्या चहाच्या बरणीवर प्रदेश आणि खुडणी लिहिण्याचा खर्च एका चिकटपट्टीएवढा आहे, ती पद्धत व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आपण होऊन सुरू करावी. आणि ग्राहकांनी विचारायला शिकावे. तांदूळ घेताना आपण जुना की नवा हे विचारतो, हुरडा कोणत्या शेतातला हे विचारतो, चहा मात्र ‘अर्धा किलो द्या’ म्हणून घेतो. आपणच विचारत नाही, म्हणून सांगणारे कमी होत जातात.

त्या दुकानाचा चहा ज्यांच्या घरी अजून शिल्लक असेल, त्यांनी तो जपून न ठेवता या पावसाळ्यातच प्यावा, आणि शक्य झाल्यास त्यातील दहा ग्रॅम वेगळे काढून वर सांगितल्याप्रमाणे निवडून त्यांचे वजन करावे. वेगवेगळ्या महिन्यांच्या पुड्यांतील प्रमाणे समोर आली, तर काकाजी ऋतूप्रमाणे काय बदलत होते याचा काही अंदाज लागेल. ही माहिती आपल्या दैनिकाकडे पाठवली आणि आपण ती छापली, तर मी आभारी राहीन.

आमच्या डब्यात आता चार रविवारांचा चहा आहे. त्यातला एक महालक्ष्म्यांसाठी राखला आहे, कारण तराजूवरचे ते गृहस्थ त्या वेळी मुलीकडे नागपूरला येणार आहेत आणि आमच्याकडे चहाला येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. चाखून कदाचित सांगता येईल, शेवटच्या गोणीत कोणत्या मळ्याची ममरी होती ते, असे ते म्हणाले. वही आणि पेन मी ओसरीवर काढून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
महाल, नागपूर